चिखलदऱ्याचे तीन मुक्काम

यवतमाळचा उन्हाळा असह्य झाला की सातपुड्यातील चिखलदरा आठवते. अमरावती, परतवाडा करून घाट चढायचा. उंची सुमारे १,१०० मीटर. (शकुंतला गाडी धावत होती तेव्हा मूर्तिजापूरला बदलून अचलपूरपर्यंत जाता येई.) मुक्काम तीन असावेत आणि दिवसाला स्थळ एकच : एके दिवशी भीमकुंड, दुसऱ्या दिवशी १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड. गडावर चालणे बरेच. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिच्यासोबत कोणीतरी मागे राहावे, पण ते नेहमी आईनेच का? शेगडी-डबे तर घरीच ठेवावेत. डोंगरावरही तिनेच पोळ्या लाटायच्या, तर सुट्टी झाली कोणाची? पावसाळ्यात धुक्याने दरी दिसेनाशी होते. तेव्हा खेळायचे पत्ते जवळ असू द्यावेत.