नागपूरची एक भेट आणि मोटारीचा हप्ता

जानेवारी १९२०मध्ये नागपुरात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय काँग्रेसचं असहकाराचं गाजलेलं अधिवेशन नागपुरातच झालं, त्यामुळे ही शास्त्रज्ञांची सभा फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पण तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस नावाच्या, कोलकात्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या २६ वर्षांच्या प्राध्यापकाची भेट नेल्सन अॅनन्डेल यांच्याशी झाली. अॅनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक. कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापं त्यांच्याजवळ पडून होती. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, असं बरंच काही. ती त्यांनी महालनोबिसांना तपासायला दिली.

प्रश्न दिसायला साधा होता. दोन माणसं किंवा दोन समूह एकमेकांपासून किती ‘दूर’ आहेत, हे एकाच वेळी अनेक मापं हाती घेऊन कसं सांगायचं? सोळा वर्षांनी, १९३६मध्ये, महालनोबिसांनी त्याचं पक्कं सूत्र छापलं. आज जगभरचे संख्याशास्त्रज्ञ त्याला महालनोबिस अंतर म्हणतात. त्याच वर्षी इंग्लंडात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आयरिसची फुलं घेऊन याच प्रश्नाची दुसरी बाजू सोडवली. तीन जातींची प्रत्येकी पन्नास, अशी १५० फुलं, आणि प्रत्येक फुलाची चार मापं. एकटी पाकळीची रुंदी घेतली तर दोन जवळच्या जातींची सरमिसळ होते. पण प्रत्येक मापाला योग्य ते वजन देऊन सगळ्यांची बेरीज केली की एकच आकडा मिळतो, आणि त्या आकड्यावर जाती बऱ्यापैकी वेगळ्या पडतात.

आणखी पाच वर्षांनी फुलांच्या जागी माणसं आली. न्यूयॉर्कमधले अर्थतज्ज्ञ डेव्हिड ड्युरंड यांनी १९४१मध्ये हप्त्यांच्या कर्जांचा अभ्यास केला. कर्ज फेडणारे ही एक जात, बुडवणारे ही दुसरी. मग फिशरचं गणित इथे का चालू नये? ड्युरंडनी गुण लावले. एकाच घरात किती वर्षं राहता, एकाच नोकरीत किती वर्षं टिकलात, बँकेत खातं आहे का, आयुर्विमा आहे का. बाईमाणूस असेल तर जास्तीचे गुण, कारण त्यांच्या आकडेवारीत बायका कर्ज अधिक नेमाने फेडत होत्या! मला हे सगळं पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. आज जळगावात किंवा पिंपरीत शोरूममधला फायनान्सवाला संगणकाकडे बघून “तुमचं सिबिल बसत नाही” म्हणतो, त्या वाक्याची वंशावळ फुलांच्या पाकळ्यांपर्यंत जाते. आणि नागपूरचा तो प्रश्न त्याच घराण्यातला, सख्खा भाऊ.

पुढचा प्रवास भरभर झाला. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी असे गुणतक्ते विकायची कंपनी काढली. १९७४मध्ये अमेरिकेने कायदा करून कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घातली, म्हणजे ड्युरंडचा तो बायकांचा जास्तीचा गुणही गेला. १९८९मध्ये त्या कंपनीचा सर्वसाधारण स्कोअर बाजारात आला. भारतात सिबिल ही पतमाहिती कंपनी २००० साली स्थापन झाली, आणि २००५मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. पण लोकांच्या तोंडी चौघींसाठी ‘सिबिल’ हाच एक शब्द बसला.

हा स्कोअर ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो. त्यात पगार धरलेला नसतो. जात, धर्म, गाव, शिक्षण यांतलं काही नसतं. असते ती फक्त उधारीची आठवण. अहवाल उघडला की प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची चौकटीचौकटीची पट्टी दिसते, ३६ महिन्यांपर्यंतची. चौकटीत ००० असेल तर हप्ता वेळेवर, ०३० असेल तर तीस दिवस उशिरा. ०९०च्या पुढे गेलं की बँकेच्या वहीत ते कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरतं. दवाखान्यात काढलेले तीन महिने, कारखाना बंद पडल्याचा एक पावसाळा, मित्रासाठी जामीन राहिल्याची एक सही, हे सगळं तिथे तीन आकड्यांत मावतं. कारण मात्र कुठेही लिहिलेलं नसतं.

म्हणूनच या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा असं मला कळकळीनं वाटतं. ६२० हा स्कोअर म्हणजे तुमच्या सचोटीला दिलेले गुण नव्हेत. ज्यांच्या पट्ट्या तुमच्यासारख्या दिसतात अशा हजारो अनोळखी माणसांपैकी किती जण पुढे थकले, एवढंच तो सांगतो. फिशरलाही एखाद्या फुलाच्या मनातलं कळत नव्हतं. गर्दीबद्दलचं हे विधान खरं असतं, पण त्या गर्दीतल्या एका माणसाबद्दल ते चुकू शकतं.

मग स्कोअर पडलेल्या माणसाला मोटार मिळते कशी? कारण मोटार स्वतःच जामीन राहते. गृहकर्जातही घर तारण असतंच, पण घर जागचं हलत नाही आणि त्याची किंमत सहसा चढते. मोटार मात्र पळते, आणि तिची किंमत रोज उतरते. तरीही कर्ज देणारा धजावतो, कारण आरसीवर त्याचं नाव चढलेलं असतं आणि ते उतरल्याशिवाय गाडी विकता येत नाही. हप्ते थकले तर गाडी ओढून नेता येते. (त्यासाठी गुंड पाठवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये बँकांना खडसावून सांगितलं आहे.)

इथे दोन उतरत्या रेषांची शर्यत असते. एक रेष शिल्लक कर्जाची, दुसरी गाडीच्या किमतीची. समजा १० लाखांची गाडी, ९ लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत. चांगल्या स्कोअरवाल्याला ते ९ टक्क्यांनी मिळालं तर महिन्याचा हप्ता सुमारे १८,६८३ रुपये. पडलेल्या स्कोअरवाल्याला १५ टक्के लावले तर २१,४११. साठ महिन्यांत फरक १ लाख ६४ हजारांच्या आसपास जातो. ही झाली त्या आकड्याची रोख किंमत.

आता दुसऱ्या माणसाच्या कर्जात जरा आत शिरू. पहिल्या हप्त्यातले ११,२५० रुपये नुसतं व्याज, म्हणजे निम्म्याहून जास्त. वर्षभर एकही हप्ता न चुकवता फेडल्यावरही त्याच्या डोक्यावर सुमारे ७ लाख ६९ हजार उरतात. मोटार विम्याच्या रूढ तक्त्यात एक वर्ष उलटलेल्या गाडीची किंमत २० टक्के कमी धरतात, म्हणजे ८ लाख. दोन्ही रेषा जवळजवळ चिकटल्या! गाडी ओढून आणणं, लिलाव, दुरुस्ती यांचा खर्च धरला तर कर्ज देणारा तोट्यात. आता त्याच माणसाने ३ लाख आधी भरून ७ लाखच घेतले, तर वर्षअखेर देणं उरतं ५ लाख ९८ हजार, आणि गाडी तीच ८ लाखांची. मधे दोन लाखांची मोकळी जागा. स्कोअर एका रात्रीत बदलता येत नाही, पण ही जागा माणसाच्या हातात असते. म्हणून डाऊन पेमेंट वाढवलं की नकाराचा होकार होऊ शकतो. जुनी, पहिली मोठी घसरण सोसून झालेली गाडी निवडली तर रेष आधीच सपाट झालेली असते, पण तिथे व्याजदर सहसा चढे असतात.

या शर्यतीत एक फसवी वाटही आहे आणि अडलेला माणूस नेमका तिथेच सापडतो. “फक्त १० टक्के, फ्लॅट.” ५ लाखांवर पाच वर्षं फ्लॅट १० टक्के म्हणजे अडीच लाख व्याज, हप्ता १२,५००. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होतं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवर. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर १७ टक्क्यांच्या वर निघतो. ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्त कंपन्यांनी ठळक माहितीचा तक्ता देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात प्रोसेसिंग फीसह सगळं धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तेवढी एक ओळ मागून वाचावी. सेल्समन घाई करत असला तरी.

अहवालही आधीच मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कधीकधी फेडून संपलेलं कर्ज चालू दिसतं, कधी दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या नावावर असतं. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई आहे. आणि बँक तडजोडीला तयार झाली, थोडे पैसे भरून सुटलो, तर तिथे ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येतं. पुढचा कर्ज देणारा ते वाचून सावध होतो. जमेल तेव्हा उरलेली रक्कम भरून, पत्र घेऊन, ते बदलून घेतलेलं बरं.

या गोष्टीत मला सगळ्यात विलक्षण वाटते ती तिची दुसरी फांदी. महालनोबिसांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभारली. चेन्नईत गणित शिकलेले आर. त्यागराजन त्या संस्थेत तीन वर्षं होते. पुढे ते विमा कंपनीत लागले, १९७४मध्ये त्यांनी श्रीराम समूह सुरू केला, आणि ज्यांना बँका दारात उभं करत नव्हत्या अशा ट्रकवाल्यांना जुन्या ट्रकसाठी कर्ज द्यायला लागले. स्कोअर तेव्हा देशात नव्हताच. कागद नसलेला माणूस म्हणजे बुडवणारा माणूस, हे गृहीतक त्यांना पटलं नव्हतं, आणि ते चूक आहे हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ड्रायव्हर किती वर्षं गाडी चालवतो, कुठल्या मार्गावर, माल कुणाचा, ओळखीचा दुसरा ट्रकवाला त्याच्याबद्दल काय सांगतो, हे घरी जाऊन विचारणारी माणसं हीच त्यांची मोजपट्टी. मापं वेगळी होती, पण अनेक मापं एकत्र धरून माणूस ओळखायचा हा प्रश्न नागपूरचाच.

आता या दोन्ही फांद्या एकमेकींना भेटल्या आहेत. २००५च्या कायद्याने वित्त कंपन्यांनाही पतमाहिती कंपन्यांचं सभासद केलं, आणि २०१५मध्ये रिझर्व्ह बँकेने चौघींकडे माहिती पाठवायला सांगितलं. त्यामुळे कुणी स्कोअर न बघता, ड्रायव्हरचा मार्ग आणि हात बघून जुन्या ट्रकचं कर्ज दिलं, तरी त्याचा प्रत्येक वेळेवरचा हप्ता एका चौकटीत ००० म्हणून उमटतो. ट्रक फिटला, आरसीवरचं नाव उतरलं, आणि तो ड्रायव्हर घरच्यांसाठी छोटी गाडी बघायला शोरूममध्ये गेला, की संगणकावर त्याच्या नावापुढे आकडा असतो.