हायकमांड नसलेले पक्ष

अमेरिकेचं राजकारण : लेखांक ६

१९३८च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या बार्न्सव्हिल या लहानशा गावात सभेला गेले. दोनच वर्षांपूर्वी ४८पैकी ४६ राज्यं जिंकून ते दुसऱ्यांदा निवडून आले होते, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडेल असं कुणाला वाटत नव्हतं. व्यासपीठावर त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर वॉल्टर जॉर्ज बसले होते. हे जॉर्ज रूझवेल्टांच्या आर्थिक सुधारणांना सिनेटमध्ये सतत खोडा घालत. रूझवेल्टांनी भर सभेत सांगून टाकलं, की जॉर्ज माझे मित्र आहेत, पण मला इथे मत असतं तर ते मी त्यांचे प्रतिस्पर्धी लॉरेन्स कॅम्प यांना दिलं असतं. जॉर्ज उठले, राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन केलं आणि आव्हान स्वीकारलं. पुढच्या महिन्यात पक्षांतर्गत मतदान झालं, त्यात जॉर्ज पहिले आले आणि कॅम्प तिसरे. साउथ कॅरोलिना आणि मेरीलँडमध्येही रूझवेल्टांना नको असलेले सिनेटर असेच दिमाखात परतले.

आता २०२२चा ऑगस्ट. वायोमिंगच्या लिझ चेनी माजी उपराष्ट्राध्यक्षांच्या कन्या, कट्टर उजव्या, काही काळ प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं. ट्रम्प तेव्हा सत्तेतही नव्हते, तरी त्यांनी दुसऱ्या उमेदवाराच्या पाठीवर हात ठेवला आणि चेनी पस्तीस टक्क्यांहून मोठ्या फरकाने पडल्या. महाभियोगाला साथ देणारे रिपब्लिकन प्रतिनिधी एकूण दहा. त्यांतले चौघे निवडणुकीच्या वाटेलाच गेले नाहीत, चौघे पक्षांतर्गत मतदानात हरले आणि दोघेच परत निवडून आले.

गेल्या लेखांकात राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार कसे वाढत गेले ते पाहिलं. पण रूझवेल्टांना जे जमलं नाही ते ट्रम्प यांना कसं जमलं, हे कोडं अधिकारांच्या हिशेबाने सुटत नाही. रूझवेल्टांकडे सगळे अधिकार होते, लोकप्रियता होती, रेडिओ होता. २०२२चे ट्रम्प अधिकाराच्या दृष्टीने एक खासगी नागरिक होते. माझ्या मते उत्तर तिकिटात आहे.

आपल्याकडे एबी फॉर्म ज्याच्या खिशात, पक्ष त्याचा. अमेरिकेत असा फॉर्म देणारं कुणी उरलेलं नाही. तिथली प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत मतदान, बहुतेक ठिकाणी राज्य सरकारच घेतं, सरकारी मतपत्रिकेवर. त्यात मत द्यायला पक्षाची वर्गणी भरावी लागत नाही. बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी पक्षाचं नाव लिहिलं की झालं, काही ठिकाणी तेही लागत नाही. आणि या मतदानातून जो निवडून येईल तो पक्षाचा उमेदवार. श्रेष्ठींना तो आवडो न आवडो.

ही अवस्था मुळातली नव्हे. राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. सुरुवातीला काँग्रेसमधले पक्षाचे सदस्य एकत्र बसून उमेदवार ठरवत. १८२४मध्ये अशा बैठकीला जेमतेम ६६ जण आले, त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांचं नाव पुढे केलं, आणि लोकांनी त्या बैठकीला राजदरबार म्हणून हिणवलं. ती पद्धत तिथेच संपली. १८३०च्या दशकापासून अधिवेशनांचा काळ सुरू झाला. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे, फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या, सौदे व्हायचे. अब्राहम लिंकन १८६०मध्ये शिकागोला असेच तिसऱ्या फेरीत उमेदवार झाले. पहिल्या फेरीत आघाडीवर होते न्यूयॉर्कचे विल्यम सीवर्ड. लिंकन स्वतः अधिवेशनाला गेलेच नव्हते, ते स्प्रिंगफील्डला घरी होते. निवडून आल्यावर त्यांनी सीवर्ड, चेस, बेट्स आणि कॅमेरॉन या चारही प्रतिस्पर्ध्यांना मंत्रिमंडळात घेतलं. याला मोठं मन लागलं असेल, पण त्यांच्यामागच्या राज्यांना डावलून चालणार नव्हतं, हेही तितकंच खरं.

अधिवेशनांचा खरा मासला पाहायचा तर १९२४चं न्यूयॉर्क. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २४ जूनला डेमोक्रॅट जमले. नियम असा, की उमेदवाराला दोन-तृतीयांश मतं हवीत. १०९८ मतांपैकी ७३२. एकीकडे न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ होते, आयरिश वस्तीत वाढलेले कॅथलिक आणि दारूबंदीच्या विरोधातले. दुसरीकडे विल्यम मॅकाडू, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे जावई आणि माजी अर्थमंत्री. दक्षिणेतला आणि पश्चिमेतला खेड्यापाड्यांचा, दारूबंदीवाला प्रॉटेस्टंट पक्ष त्यांच्यामागे होता. त्यात कू क्लक्स क्लॅनचाही मोठा भरणा होता. जाहीरनाम्यात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा का, यावर अशी जुंपली की तो ठराव जेमतेम एका मताच्या आसपासच्या फरकाने पडला.

मग फेऱ्या सुरू झाल्या. हजेरीत पहिलं नाव अलाबामाचं. दर फेरीला गव्हर्नर ब्रँडन उठायचे आणि त्याच सुरात पुकारायचे, अलाबामाची चोवीस मतं ऑस्कर अंडरवूड यांना! अधिवेशन त्या वर्षी प्रथमच रेडिओवर ऐकू येत होतं. पुढेपुढे सज्जातले प्रेक्षकही ब्रँडनबरोबर तेच वाक्य ओरडायला लागले. वातानुकूलन नाही, जुलैचा उकाडा, बाहेरगावच्या प्रतिनिधींच्या खिशातले पैसे संपत आलेले. स्मिथ हटेनात, मॅकाडू हटेनात. अखेर ९ जुलैला, १०३व्या फेरीत, दोघांनाही बाजूला सारून जॉन डेव्हिस नावाच्या सभ्य, श्रीमंत वकिलाच्या गळ्यात माळ पडली. त्याला नोव्हेंबरात २९ टक्के मतं मिळाली. स्मिथ यांचं नाव सुचवायला कुबड्यांवर चालत व्यासपीठावर आले होते तेच फ्रँकलिन रूझवेल्ट. पोलिओ होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

या तमाशाला हसणं सोपं आहे. पण त्यातून पक्षाची रचना स्वच्छ दिसते. पक्ष म्हणजे राज्याराज्यांतल्या संस्थानिकांची मोट. राष्ट्राध्यक्ष त्यांच्या संमतीने उभा राहायचा, त्यामुळे त्यांच्या संस्थानात हात घालणं त्याला झेपत नसे. जॉर्जियात १९३८मध्येही प्रायमरीच झाली होती, पण ती जॉर्जियाच्या पुढाऱ्यांची प्रायमरी होती. जिल्ह्याजिल्ह्यातली त्यांची माणसं ती चालवत आणि कृष्णवर्णीयांना तिच्या आसपास फिरकू देत नसत. बाहेरून आलेला राष्ट्राध्यक्ष, कितीही मोठा असला, तरी तिथे पाहुणाच. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हेही विसरू नये, की त्या बंद खोल्यांनी लिंकन दिला तसा १९२०मध्ये वॉरन हार्डिंगही दिला.

मोट सुटली ती १९६८मध्ये. व्हिएतनाम युद्धाने लिंडन जॉन्सन घायाळ झाले. मार्चमध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत युजीन मॅकार्थी या युद्धविरोधी सिनेटरने ४२ टक्के मतं घेतली आणि महिनाअखेरीस जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. जूनमध्ये, कॅलिफोर्निया जिंकलं त्याच रात्री, रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. ते एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. बाहेर महापौर रिचर्ड डेली यांचे पोलीस तरुणांना झोडपत होते आणि सगळा देश ते टीव्हीवर पाहत होता.

हम्फ्री हरले. पक्षाने सुधारणा सुचवण्यासाठी समिती नेमली. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न तिचे पहिले अध्यक्ष. समितीने म्हटलं, प्रतिनिधी उघडपणे, वेळेत आणि सर्वांना वाव देऊन निवडा. सर्वत्र प्रायमरीच घ्या असं तिने म्हटलं नव्हतं. पण नव्या नियमांच्या कचाट्यातून सुटायची सोपी वाट राज्यांना प्रायमरीचीच दिसली, आणि त्यासाठी बदललेले कायदे रिपब्लिकनांनाही लागू झाले. एका पक्षाच्या घरच्या भांडणाने दोन्ही पक्षांची कुलपं उघडली. १९७२च्या अधिवेशनात तर खुद्द डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं प्रतिनिधित्व नियमभंगापायी रद्द झालं. त्या वर्षी उमेदवार कोण? समितीचे तेच मॅकगव्हर्न. नियम ज्याने केले त्याला ते सगळ्यांत चांगले कळत होते, एवढंच. नोव्हेंबरात ते ४९ राज्यांत हरले. त्यानंतर जिमी कार्टर आले, जॉर्जियाचे माजी गव्हर्नर. वॉशिंग्टनमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि जिंकल्यावर पक्षाचं देणं नसल्यामुळे पक्षातल्यांचं आणि त्यांचं कधी जमलंही नाही.

दार उघडं असलं की कोण आत येईल ते सांगता येत नाही. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार याच दाराने आत गेले. २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःचे काही दशलक्ष डॉलर ओतले आणि प्रायमरीत तिसरे आले. २०२२मध्ये डेट्रॉइटच्या जागेवर अनेकजण रिंगणात होते. तिथल्या बऱ्याच नेत्यांची पसंती ॲडम हॉलियर यांना होती. तीस टक्क्यांहून कमी मतांवर ठाणेदार जिंकले, आणि हा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक नुसती औपचारिकता उरली. श्रेष्ठींनी यादी केली असती तर त्यांचं नाव त्यात आलं असतं, असं मला वाटत नाही.

ट्रम्प यांचं २०१६चं गणित याच जातीचं, फक्त मोठं. सतरा उमेदवार, मतं विखुरलेली. साउथ कॅरोलिनात ३२ टक्क्यांवर त्यांना सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी मिळाले. १९ एप्रिलला न्यूयॉर्क जिंकेपर्यंत एकाही राज्यात त्यांना निम्म्याहून जास्त मतं नव्हती. पण उमेदवारी मिळाली आणि पुढे चार वर्षांत पक्षाचा मतदार त्यांचा झाला. हा मतदार जॉर्जियातही तोच, वायोमिंगमध्येही तोच. रूझवेल्टांना ज्यात बाहेरून शिरायला जमलं नव्हतं तो गड आतूनच उघडला. १९२४मध्ये जाहीरनाम्यातल्या एका नावावरून डेमोक्रॅट रक्तबंबाळ झाले होते. २०२०मध्ये रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा केलाच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमाला आमचा पाठिंबा आहे, असा ठराव केला आणि विषय संपवला.

२०२४मध्ये मात्र जुनी रीत क्षणभर डोकावून गेली. जो बायडन यांनी प्रायमऱ्या जिंकल्या होत्या, तरी २१ जुलैला ते बाजूला झाले आणि पक्षाच्या प्रतिनिधींनी ऑगस्टच्या सुरुवातीला, अधिवेशनाच्याही आधी, ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. लगेच ओरड झाली, की मतदारांना विचारलं कुठे? रिपब्लिकनांनी तर याला सत्तांतराचा कट म्हटलं. १९५२मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या होत्या आणि अधिवेशनाने तिकीट दिलं प्रायमरीत न उतरलेल्या ॲडले स्टीव्हन्सन यांना. तेव्हा तो रीतीचाच भाग होता. हॅरिस हरल्या. प्रायमरी झाली असती तर दुसरा कुणी जिंकला असता का, यावर डेमोक्रॅटांचं एकमत झालेलं नाही.

(पुढील लेखांकात : लिंकनचा पक्ष दक्षिणेत कसा रुजला)