दुहेरी शक्तीची मोटार : बदलावी कीं ठेवावी ?

मोटारगाडी ही एके काळीं श्रीमंतीची खूण मानली जाई. आज ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत ती पुष्कळ मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांतहि उभी दिसते. त्यामुळें कोणती गाडी घ्यावी या प्रश्नाबरोबरच, असलेली गाडी केव्हां बदलावी हा प्रश्नहि घरोघर निघूं लागला आहे. गाडी पेट्रोल व वीज अशा दोन शक्तींवर चालणारी असली म्हणजे तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. नव्या गाडीची बॅटरी मोठी आहे, ती एकदां भरली कीं दुप्पट अंतर धांवते, असें विक्रेता सांगतो आणि कालपर्यंत पुरेशी वाटणारी गाडी एकाएकीं अपुरी वाटूं लागते. हें अपुरेपण गाडीचें आहे कीं ती वापरण्याच्या रीतीचें, याचा निवाडा आधीं झाला पाहिजे.

पेट्रोल व वीज यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाहीं. फर्डिनांड पोर्श या यंत्रज्ञानें १९०० सालींच तशी गाडी बनविली होती. परंतु मोठ्या संख्येनें तयार होऊन सामान्य ग्राहकापर्यंत पोहोंचलेली पहिली हायब्रिड गाडी म्हणजे टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं जपानांत विकावयास काढलेली 'प्रायस' ही होय. या गाड्यांचें मर्म ठाणें-कल्याणच्या प्रवाशाला परकें वाटूं नये. मुंबईच्या नव्या बांधणीच्या लोकलगाड्या स्टेशन जवळ येतां वेग कमी करूं लागल्या कीं त्यांच्या विजेच्या मोटरी उलट जनित्राचें काम करतात आणि उत्पन्न झालेली वीज वरच्या तारेंत परत जाते. हायब्रिड गाडींत हीच वीज तारेऐवजीं बॅटरींत सांठविली जाते. म्हणूनच घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर, जेथें पावलोपावलीं थांबावें लागतें, तेथें हायब्रिड गाडी पेट्रोल वांचविते. नाशिकच्या मोकळ्या हमरस्त्यावर एकसारख्या वेगानें धांवतांना तो लाभ पुष्कळच कमी होतो.

या गाड्यांच्या दोन जाती ध्यानांत ठेवाव्या. साध्या हायब्रिड गाडीला बाहेरून वीज देतां येत नाहीं. तिची बॅटरी लहान असते व ती गाडीच्या चालण्यांतूनच भरते. प्लग-इन हायब्रिड गाडीची बॅटरी मोठी असते व ती घरच्या विजेवरहि भरतां येते. या दुसऱ्या जातीच्या गाड्या भारतांत आल्या त्या मुख्यतः महाग वर्गांत. २०१६ सालीं आलेली व्होल्वोची 'एक्ससी ९० टी ८' किंवा २०२२ सालीं आलेली बीएमडब्ल्यूची 'एक्सएम' यांच्या किंमती कोटीच्या पुढेंच होत्या. अशी एक गाडी देऊन दुसरी घेणारा मनुष्य विरळाच. परंतु त्याचा हिशेब एकदां नीट समजला म्हणजे तो साध्या गाडीच्या मालकासहि उपयोगी पडतो.

एक उदाहरण घ्यावें. कल्याणांत राहणारा एक गृहस्थ ठाण्यास रोज कामाला जातो. जाऊन येऊन ४५ किलोमीटर, वर्षाचे दिवस २५०. त्याची जुनी प्लग-इन गाडी विजेवर ३० किलोमीटर जाते, नवी ६० किलोमीटर जाईल. हिशेबाच्या सोयीसाठीं पेट्रोल १०० रुपये लिटर, वीज १० रुपये युनिट, एका लिटरांत १२ किलोमीटर व एका युनिटांत ४ किलोमीटर असें मानावें. जुनी गाडी रोज रात्रीं भरली तर ३० किलोमीटर विजेवर होतात. न भरतां चालविण्यापेक्षां वर्षाकांठीं ४३,७५० रुपये वांचतात. नवी गाडी घेतली तर उरलेले १५ किलोमीटरहि विजेवर होतील. त्यांतून आणखी वांचतील २१,८७५ रुपये. म्हणजे दहा वर्षांत सुमारें सव्वादोन लाख. आणि त्यासाठीं द्यावी लागणारी वरकड रक्कम याच्या कित्येक पट!

आतां दुसरी बाजू पाहावी. ठाण्याच्या कचेरींत गाडी जेथें उभी राहते तेथें एक १५ अँपिअरचें सॉकेट मिळालें तर ताशीं सुमारें ३ युनिटें भरतां येतात. उरलेल्या १५ किलोमीटरांना लागतात पावणेचार युनिटें. म्हणजे सवा तासाचें काम. दुपारीं तेवढी वीज भरली कीं जुनीच गाडी ४५ किलोमीटर विजेवर जाते. जें काम नवी गाडी करणार होती तें दुसऱ्या एका सॉकेटनें केलें. उलट, घरीं व कचेरींत कोठेंच वीज भरण्याची सोय नसेल, तर बॅटरी केवढीहि मोठी असो, ती केवळ ओझें होऊन बसते. युरोपीय आयोगानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें दिसून आलें कीं, प्लग-इन गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेंतील आंकड्यांच्या सरासरीनें साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडतात. मुख्य कारण हें, कीं मालक त्या अपेक्षेइतक्या वेळां भरीत नाहींत.

तेव्हां खरा प्रश्न वाहनतळाचा आहे. डोंबिवलींतील जुन्या इमारतींच्या रहिवाशांच्या गाड्या पुष्कळदां रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. घोडबंदर रस्त्यावरील नव्या उंच इमारतींत जागा नेमून दिलेली असते, पण मीटरपासून तेथपर्यंत तार नेण्यास सोसायटीची संमति लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें आपल्या मार्गदर्शक सूचनांत, मालकास आपल्या घरच्या वा कचेरींतील असलेल्या जोडणीवरून गाडी भरतां येईल, असें स्पष्ट केलें आहे. सभेंत हा विषय काढतांना ती सूचना हातीं असावी. परंतु मंजूर भार पुरेसा आहे कीं नाहीं, तार किती जाड हवी, पावसाळ्यांत पाणी तुंबतें त्या पातळीच्या वर सॉकेट आहे कीं नाहीं, हेंहि जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावें. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनीं चढत जातो. गाडीचीं युनिटें वरच्या टप्प्यांत पडतात, हें विसरूं नये.

गाडी बदलणें योग्य ठरतें असे प्रसंगहि आहेत. बॅटरीची हमी पुष्कळ कंपन्या ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी देतात. ती संपली असेल व विजेवरचें अंतर निम्म्यावर आलें असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा नोकरीची जागा बदलून रोजचें अंतर दुप्पट झालें असेल, तर जुन्या गाडीला धरून राहण्यांत शहाणपण नाहीं. मात्र अंतर कमीहि होतें. मोठागांव-माणकोली पूल २०२४ सालीं खुला झाल्यानें डोंबिवलीहून ठाण्यास जाण्याची वाट बरीच जवळची झाली. काल अपुरी पडणारी बॅटरी आज पुरी पडणें अशा रीतीनेंहि शक्य आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के व निव्वळ विजेच्या गाड्यांवर ५ टक्के वस्तु व सेवा कर आहे. बदलावयाचेंच ठरलें तर प्लग-इनऐवजीं निव्वळ विजेची गाडी पुरेल काय, हेंहि तपासावें.

सीएनजी व पेट्रोल अशा दोन इंधनांची गाडी ठेवणाऱ्यांसहि हाच न्याय लागू आहे. गॅसपंप रोजच्या वाटेवर असेल व रांगेत वेळ जात नसेल, तर साध्या हायब्रिडसाठीं ती काढून टाकण्याचें कारण थोडें; टांकी रिकामी ठेवून पेट्रोलवरच दिवस काढावे लागत असतील, तर कारण मोठें.

निर्णयापूर्वीं घरांत एक वही घालावी. महिनाभर रोज किती किलोमीटर झाले, त्यांपैकीं विजेवर किती, युनिटें किती लागलीं, पेट्रोल किती भरलें आणि गाडी भरावयाची राहून गेली ती कोणत्या कारणानें, एवढें टिपून ठेवावें. महिन्याच्या शेवटीं घरांतील सर्वांनीं ती वही एकत्र बसून वाचावी, आणि विक्रेत्याकडे जाणें तें त्यानंतरच.