पॉलिशआधीचे कातडे

मेण, तेल आणि काजळी एकत्र करून घरीच वनस्पतिजन्य बूट पॉलिश करण्याच्या कृती सध्या नव्या शोधासारख्या सांगितल्या जातात. मराठवाड्याला हे काम नवे नाही. त्यातला हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, पण हा मुलूख जुना करडईचा आणि मोटेचा. विहिरीचे पाणी उपसणारी कातड्याची मोट दिवसभर पाण्यात बुडायची, उन्हात सुकायची आणि पुन्हा बुडायची. तेल न दिलेले कातडे एक तर तडकणार, नाहीतर कुजणार. देशी वनस्पतींच्या ब्रिटिशकालीन नोंदींत यासाठी करडईच्या काळ्या तेलाचा उल्लेख आहे. बियांनी भरलेले मडके जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर पालथे घालायचे आणि वरून गोवऱ्यांचा जाळ करायचा, म्हणजे वैद्यांचे पाताळयंत्रच. खाली उतरणारे चिकट, काळपट तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही, पण मोटेच्या नाड्यांना आणि पाण्यात राहणाऱ्या कातड्याला ते फार मानवते.

हे तेल मुरायचे, कारण कातडे तसे कमावलेले असे. बाभळीची साल, माळरानावरचा तरवड आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी आठवडेच्या आठवडे पडून राहत. अशा कातड्याचे तंतू मोकळे राहतात आणि तेल धरून ठेवतात. त्याला काळे करायलाही पॉलिशची डबी लागत नाही. गंजलेले लोखंड भिजवलेले पाणी फडक्याने फिरवले, की सालीतला तुरट अंश लोहाशी मिळून तपकिरी कातडे बघता बघता काळे पडते. हा रंग पृष्ठभागावर न राहता आत उतरतो. मात्र लोह जास्त झाले तर कातडे ठिसूळ होते, म्हणून प्रमाणाची जाण हवी.

या जुन्या वनस्पतिजन्य कृतीच्या कौतुकावर पहिला आक्षेप असा, की डबीतले पॉलिशही मुळात झाडांचेच होते. ते खरे आहे. इंग्लंडमध्ये चेरी ब्लॉसम आणि मेलबर्नमध्ये किवी, दोन्ही १९०६च्या सुमाराची. अशा पॉलिशमध्ये ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण आणि चीडाच्या डिंकापासूनचे टर्पेंटाइन वापरले जात असे. म्हणजे वनस्पती विरुद्ध रसायन ही मांडणीच लंगडी आहे. फरक पडला तो कातड्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमने कातडे कमावण्याची पद्धत आली, आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि चपलाबुटांच्या कातड्यावर रंगाचा, लॅकरचा थर बसू लागला. त्या थराखाली तेल जात नाही. एरंडेल तर वाळतच नाही. वर चिकट राहून धूळ ओढते. जवसाचे वाळते, पण त्याची साय धरते. मग लोक म्हणतात, नैसर्गिक पॉलिश टिकत नाही. तेलावर हा ठपका अन्यायाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. कातडे कमावण्याचे काम जातीने लादलेले होते. दुर्गंधी आणि अपमान त्याच घरांच्या वाट्याला येत होता. ज्यांनी ते सोडले त्यांनी योग्यच केले, आणि परंपरेच्या नावाने त्यांना परत बोलावण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण त्या हातांतले ज्ञान हलके नव्हते, आणि त्याला दाम व मान मिळू शकतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत. हिंगोली त्यात नाही. इथे विहिरींवर इंजिने आणि मोटारी बसल्या तशी मोट गेली, सोयाबीन पसरले तशी करडई आक्रसली, आणि काळ्या तेलाला गिऱ्हाईकच उरले नाही. कृती कोणी विसरले म्हणून ती गेली नाही.

म्हणून आज इथे काही करायचे तर डबीपासून सुरुवात करून भागणार नाही. वसमतला ऊस आहे, पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, आणि रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडमध्ये उसाचे कठीण मेण असते. ते काढायला द्रावक लागतो, त्यामुळे ते घरगुती काम नव्हे. करडईच्या वाणांवर परभणीच्या कृषी विद्यापीठात काम झालेले आहे. तरवड तर पडीक जमिनीवर आजही उगवतो. पण हे सगळे ज्या कातड्यात मुरायचे, ते सालीवर कमावलेले कातडे आधी हवे, आणि ते कमावणाऱ्याला स्वच्छ हौद, हातमोजे आणि चपलेच्या किमतीतला रास्त वाटा हवा. डबीची पाळी त्यानंतरची.