विश्लेषण : चार कोटी अंकी संख्या ‘मूळ’ आहे, हे ठरवले कसे?

सेकंदाला एक अंक या वेगाने ही संख्या वाचायला बसलात, तर न थांबता सुमारे ४७५ दिवस लागतील. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ती मूळ संख्या असल्याची खात्री झाली आणि २०१८ मधील २,४८,६२,०४८ अंकांचा विक्रम मोडला.

शोध कोणाचा?

२ चा घात वजा १ अशा रूपातल्या मूळ संख्यांना ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणतात. ही ज्ञात असलेली ५२ वी. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या उपक्रमात हजारो स्वयंसेवक आपल्या संगणकांवर अशा संख्या तपासतात. या वेळी एनव्हिडियाचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतील डेटा सेंटरमधले जीपीयू कामाला लावले. डब्लिनमधल्या जीपीयूने आधी ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला, दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील सॅन अँटोनियोमधल्या जीपीयूने तो पक्का केला.

पण भागून पाहिले कोणी?

कोणीच नाही. शाळेत शिकवतात तसे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागत बसायचे, तर इथे वर्गमूळच दोन कोटी अंकांचे आहे. म्हणून ल्युका-लेहमर कसोटी वापरतात. ती ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ वर करून पाहा. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा : १४. पुन्हा तेच : १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा : ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य उरले, म्हणून ३१ मूळ. नव्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या लागतात.

प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी भागाकार? तोही टळतो. ९ ने भागल्यावरची बाकी आपण अंकांची बेरीज करून काढतो ना, तसेच हे. बायनरीत ही संख्या म्हणजे नुसत्या १ ची रांग, त्यामुळे वरचे बिट कापून खालच्यांत मिळवले की बाकी तयार. खरा खर्च उरतो वर्ग करण्याचा, आणि जीपीयू तिथेच उपयोगी पडतात. एवढ्याच लांबीची एखादी साधी संख्या दिली असती, तर ती मूळ आहे हे आजच्या संगणकांना सिद्ध करता आले नसते.

गंमत म्हणजे, कसोटी नापास झाली तरी अवयव कळत नाहीत. २ चा ६७ वा घात वजा १ मूळ नाही, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले. अवयव मिळाले १९०३ मध्ये, फ्रँक कोल यांना : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

बँकेच्या पासवर्डला उपयोग?

नाही. हा गैरसमज समाजमाध्यमांवर दर विक्रमानंतर फिरतो. २०४८ बिटच्या आरएसए कुलपाला साधारण ३०८ अंकी दोन मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर आहे. उपयोग झाला तो शोधाच्या सॉफ्टवेअरचा : इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष २०१६ मध्ये त्यामुळेच उघड झाला.

पुढचा टप्पा दहा कोटी अंकांचा. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे दीड लाख डॉलरचे बक्षीस आहे. घातांक मात्र ३३ कोटी २१ लाखांच्या पुढचा हवा.