पाहुणे गेल्यावर काय?



परदेशातल्या चर्चची काही माणसं आठ-दहा दिवसांसाठी दुसऱ्या देशात सेवेला जातात. आरोग्य शिबिर भरवतात, शाळा रंगवतात आणि परततात. भावना चांगलीच असते. पण ते गेल्यावर काय?

अशाच एका शिबिरात आमच्या गटातल्या मावशींना रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या, मावशींनी औषधच सोडलं. चक्कर येऊन पडल्या तेव्हा आम्हाला कळलं. पुढच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आपल्या जवळच्या मिरजेचं बघा. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं. १९२८ पर्यंत ते इथं राहिले, इथल्या मुलांना वैद्यकाचं शिक्षण दिलं. म्हणून ते गेल्यावरही काम थांबलं नाही.

सगळ्यांनाच एवढं राहणं जमणार नाही. पण पाहुणे आले तर आपण तीन गोष्टी विचारू शकतो. तुमच्यामागं हे काम कोण बघणार? आशाताईंना कळवलंय का? आमच्यातल्या कुणाला शिकवाल का?

आणि त्यांनी पैसे देऊ केले, तर गटाच्या खात्यात घेऊ नका. विदेशी देणगीसाठी २०१० च्या कायद्यानं केंद्र सरकारकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते.

पाहुण्यांना चहा जरूर पाजा. विचारायला मात्र लाजू नका.