दोन वर्षांचा पाहुणा आणि चाळीस वर्षांच्या डॉक्टरीणबाई

आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलगा परगावच्या कॉलेजात गेला, की आई डब्यात लाडू भरून देते आणि दिवाळीच्या सुट्टीकडे डोळे लावून बसते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या घरांतून याच वयाचे मुलगे दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला बाहेर पडतात. मुली दीड वर्षासाठी जातात. कोठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नाही. ते सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य कचेरीतून कळते. पगार तर नाहीच, उलट खर्चाचा भार स्वतःच्या नाही तर घरच्यांच्या पुंजीवर!

या मुलांचा आठवडा घड्याळाला बांधलेला असतो. साधारणतः सकाळी साडेसहाला उठायचे. मग व्यायाम, धर्मग्रंथांचे वाचन, परक्या भाषेची घोकंपट्टी. त्यानंतर पांढरा सदरा घालून, छातीवर नावाची पट्टी लावून लोकांना भेटायला निघायचे. एकट्याने हिंडायचे नाही, जोडीदार सदैव बरोबर. प्रेमप्रकरण वर्ज्य. रविवारी उपासना. एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि घरच्या पत्राला राखलेला. घरी टेलिफोन करायची परवानगी पूर्वी वर्षातून दोनदाच असे, नाताळात आणि मातृदिनी. २०१९ पासून दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. अमेरिकेतल्या आयांना डोळे पुसायला पदर नसला, म्हणून काय झाले? डोळे त्यांचेही भरून येतातच!

हे मॉर्मन आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक मुंबईला उतरला आणि पुण्यापर्यंत पोचला. पण ते रोपटे आपल्या मातीत तेव्हा रुजले नाही.

दोन वर्षांनी परतायचे ठरलेला माणूस गावाचा पाहुणाच राहणार. भाषा जिभेवर बसते न बसते, तोच परतीचे तिकीट हातात. याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या वऱ्हाडात, वाशीमला घडले.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, बालाजीचे गाव. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडत असे. नाझरीन चर्च या दुसऱ्या एका अमेरिकन पंथाच्या तरुण डॉक्टर ऑर्फा स्पायकर १९३६ साली हिंदुस्थानात आल्या. १९३८ मध्ये वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेही मुलींच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत. त्या काळी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका पुरुष डॉक्टरपुढे जायला धजत नसत. अशा मुलखात डॉक्टरीणबाई मिळणे ही केवढी गोष्ट! बाईंनी लग्न केले नाही. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी इथे काढली. त्यांच्या आठवड्याला कसले वेळापत्रक असणार? बाळंतीण काही वार पाहून अडत नाही!

मात्र या सेवेला दुसरी बाजूही आहे. अडलेल्या बाईपुढे औषधाबरोबर धर्मही ठेवला, तर ती बापडी ‘नको’ कसे म्हणणार? हा प्रश्न नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीपुढे आला. मध्य प्रदेश सरकारने ती १९५४ साली नेमली होती, आणि वाशीम तेव्हा मध्य प्रदेशातच होते. १९५६ च्या अहवालात समितीने सांगितले, की धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे आणि वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये. मिशनऱ्यांना हे कडू लागले, तरी प्रश्न रास्तच होता. दुखण्याने माणूस लाचार होतो आणि लाचाराचा होकार हा खरा होकार नव्हे.

पण त्याच प्रश्नाचे दुसरे टोक आपल्याकडे वळते. मैलोगणती दुसरी डॉक्टरीण नसेल, तर त्या बाईने जावे तरी कोठे? सातासमुद्रांपलीकडची एक मुलगी वऱ्हाडच्या उन्हात आयुष्य काढायला आली. तिच्या हेतूची चौकशी आपण जरूर करावी. पण आपल्या घरातला मुलगा किंवा सून डॉक्टर झाली आणि म्हणाली, ‘मी वाशीमकडच्या एखाद्या खेड्यात दवाखाना काढते,’ तर आपण काय म्हणू? यंदा फराळाला सगळे एकत्र जमाल, तेव्हा एवढे एकमेकांना विचारून पाहा.